लाकडी टीव्हीतले परीक्षक

सोलापुरात टीव्ही अजून आलेला नाही, पण आमच्या वाचनालयाच्या सभागृहात तो गेली अडीच वर्षं आहे. खोक्यांच्या देवदारी फळ्यांची टेबलावर उभी केलेली चौकट, कोपरे घासून गोल केलेले, उजव्या अंगाला लाकडाचीच दोन बटणं. चौकटीमागे दोन खुर्च्या. दर रविवारी सकाळी दहा वाजता त्या खुर्च्यांवर दोन चित्रपट परीक्षक येऊन बसतात आणि शुक्रवारी लागलेल्या सिनेमावर बोलतात. वीज गेली तरी आमचा टीव्ही बंद पडत नाही.

कल्पना आमचे कार्यवाह होटगीकरकाका यांची. ते मुंबईला भाच्याकडे गेले होते, तिथे त्यांनी टीव्हीवर दोन विद्वान नव्या सिनेमाबद्दल बोलताना पाहिले. परत आले ते म्हणतच आले, "बोलायला दोघं लागतात, ते आपल्याकडं हायत. डबा तेवढा करून घेऊ." सुताराने डबा करून दिला. कार्यक्रमाला 'पडद्यासमोर' असं नाव ठेवलं, पण ते नाव फक्त फळ्यावर राहिलं. गावात सगळे त्याला 'लाकडी टीव्ही' म्हणतात.

मुंबईच्या टीव्हीतल्या विद्वानांना बघणाऱ्यांचं म्हणणं ऐकू येत नाही. आमच्या दोघांना ते ऐकावंच लागतं, आणि ऐकवायचं काम माझं.

या अंकाच्या संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितल्या तेव्हा मी नाही म्हणणार होते. मी सव्वीस वर्षांची आहे, आणि या वयात माणसाने आठवणी लिहाव्यात हे मला पटत नाही. पण या कामात मी एक मोठी चूक केली. ती अजून ताजी आहे तोवरच लिहिली पाहिजे, कारण म्हातारपणी माणूस स्वतःला माफ करून मोकळा होतो.

माझ्या वडिलांचा साखर पेठेत पायाने चालवायचा छापखाना. शाळेत मला कमळ आणि गवत शिकवत होते तेव्हा घरी मला 'कामगार बंधूंनो' आणि 'जाहीर निषेध' वाचता येत होतं. पत्रकांवरच मी वाढले. आणीबाणीत त्या छापखान्यात फक्त लग्नपत्रिका छापल्या गेल्या, आणि घरात कोणी मोठ्याने बोलेनासं झालं. आणीबाणी उठल्यावर मी वाचनालयात साहाय्यक म्हणून लागले. लोकांना बोलू द्यायचं हे काम मिळालं तेव्हा मला वाटलं, हे माझ्यासाठीच ठेवलेलं आहे.

काम असं. सभागृहाच्या दाराशी बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असतो. मागच्या रविवारचं परीक्षण पटलं किंवा पटलं नाही, परीक्षक कसे बोलले, कुठे चुकले, हे लोक कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून त्यात टाकतात. रविवारी सुरुवातीला डबा उघडायचा आणि चिठ्ठ्या मोठ्याने वाचायच्या. नियम इनामदार सरांनी घातलेला: आधी आपल्यावर, मग सिनेमावर. शेवटची चिठ्ठी वाचून होईपर्यंत दोन्ही परीक्षकांनी गप्प बसायचं. उत्तर द्यायचं नाही, मान हलवायची नाही, हसू आलं तर आलं. एकही चिठ्ठी गाळायची नाही. शिवी असेल तर तिच्या जागी 'फुली' म्हणायचं. एका रविवारी एका चिठ्ठीत मी सलग पाच वेळा फुली म्हणाले आणि सगळी सभा गणिताचा तास असल्यासारखी ऐकत होती.

चिठ्ठी वाचणं सोपं नाही. आवाजात आपलं मत येता कामा नये. हसायचं नाही, रागवायचं नाही, लिहिणाऱ्याने अडखळत लिहिलं असेल तर त्याला सावरून घ्यायचं. हे मला पहिल्या महिन्यातच जमलं आणि त्याचा मला गर्व होता. काही चिठ्ठ्या अजून पाठ आहेत.

"इनामदार सर, तुम्ही सिनेमा बघता का पेपर तपासता? आपला, एक नापास."

"मास्तर, तुमी म्हणला हिरोईन काम बरं करती. काम कुटं करती, रडतीच की."

"सर की बातां भोत अच्छी, मगर समझने कू बाजू में मास्तर होना."

आता हे सर आणि मास्तर कोण ते सांगते. इनामदार सर कॉलेजात मराठी शिकवतात. कपडे इस्त्रीचे आणि वाक्यंही इस्त्रीची. ते प्रत्येक सिनेमा दोनदा बघतात, एकदा पडद्याकडे तोंड करून आणि दुसऱ्यांदा लोकांकडे. दुसऱ्या वेळी कडेच्या खुर्चीत तिरके बसतात, त्यामुळे डोअरकीपरला त्यांची मान धरलीय असं वाटायचं. एकदा त्याने आपल्या घरचं तेल आणून दिलं.

नरसय्या मास्तर शहराच्या पूर्व भागातले, घरची भाषा तेलुगू. चादरीवर जी नक्षी उठते ती आधी पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं पाडून ठरवावी लागते. ते पत्ते पाडायचं काम त्यांनी निम्म्या पेठेला शिकवलं, म्हणून मास्तर. शाळा चौथीपर्यंत. सिनेमाची गोष्ट ते मध्यंतरापर्यंत अशी सांगतात की एक प्रसंग मागेपुढे होत नाही. त्यापुढचं विचारलं की म्हणतात, "मध्यंतरापर्यंत माझं, फुडचं तुमचं. मी बाकड्यावर बसून बघितलाय, तुमी बी बसा की."

लोकांचं या दोघांवर जे प्रेम होतं ते मला आधी कळलं नाही. एका रविवारी कळलं. एका सिनेमात नायकाची आई फार वेळ, फार आरडाओरडा करून मरते. सरांनी त्याची चांगलीच हजेरी घेतली. अभिनयात संयम हवा, मृत्यू शांत असतो, वगैरे. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "सर, तुमची आई कशी गेली?"

सर चष्मा काढून म्हणाले, "ओरडत गेली."

"मग शिनमातल्या आईला हळू जा का म्हणताय?"

"हे मी मागे घेतो," सर म्हणाले.

मी लहानपणापासून सभा ऐकल्या आहेत. चांगले चांगले पुढारी ऐकले आहेत. व्यासपीठावरून कोणी आपलं वाक्य मागे घेतलेलं तोवर पाहिलं नव्हतं. पुढच्या रविवारी डब्यात चिठ्ठी होती: "सर, माझी पण तशीच गेली." खाली सही नव्हती.

परीक्षकांवर चिठ्ठ्या लिहिणाऱ्यांतले सगळे सिनेमे बघणारे होते असंही नाही. दुधनीहून शिवशरणप्पा नावाचे एक आडत व्यापारी सकाळच्या गाडीने येत. पांढरं धोतर, कपाळावर भस्म. प्रत्येक वेळी त्यांची चिठ्ठी असे, आणि ती फार बारकाईने लिहिलेली असे: सरांनी मास्तरांचं बोलणं किती वेळा तोडलं, मास्तरांनी कुठला प्रसंग घाईत उरकला. एकदा मी त्यांना विचारलं, "अप्पा, सिनेमा कुठल्या थेटरात बघता?"

"शिनेमा? मी शिनेमा बघत न्हाई, बाई. डोळ्याला सोसत न्हाई."

"मग इतक्या लांबून येता कशाला?"

"ह्या दोघांचं भांडण ऐकायला. घरी गेलो की बायकोला आधी सरांचा शिनेमा सांगतो, मग मास्तरांचा. दोन दोन शिनेमे होतात की. ती म्हणती मास्तरांचा बरा, पण सरांच्यात दागिने जास्त असतात."

आणखी एक प्रसंग सांगायलाच हवा, कारण तो माझ्यावर उलटला. सरांनी एका सिनेमाची खरडपट्टी काढली आणि त्या थेटराचा खेळ रिकामा जाऊ लागला. पुढच्या रविवारी डब्यात वीस चिठ्ठ्या, सगळ्या एकाच जांभळ्या शाईच्या, एकाच अक्षरात: "इनामदार यांना चित्रपटातले काही कळत नाही. त्यांना काढून टाकावे." एका खाली 'एक गृहिणी', दुसऱ्या खाली 'एक हमाल', तिसऱ्या खाली 'एक विद्यार्थी'. मी कार्यक्रमाच्या आधीच त्या ओळखल्या आणि रागाने लाल झाले. लोकांच्या नावावर हे असं करायचं? सरांकडे गेले, म्हटलं, "या मी वाचणार नाही. ही फसवणूक आहे."

"एकही गाळायची नाही," सर म्हणाले. "वीसच्या वीस वाचा."

मी वाचल्या. सातव्या चिठ्ठीपासून सभा माझ्याबरोबर म्हणायला लागली, "त्यांना काढून टाकावे." बाराव्या चिठ्ठीला शेवटच्या रांगेतला एक जाडसा माणूस उठून बाहेर गेला. तो त्या थेटराचा मॅनेजर होता असं मागाहून कळलं. सर नियमाप्रमाणे गप्प बसले होते, पण कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी त्या दिवशी घरी जाऊन वडिलांना एक तास भाषण दिलं. दुसऱ्याच्या तोंडात शब्द घालणारे लोक कसे हुकूमशाहीचे हस्तक असतात, हा विषय.

आता माझ्याबद्दल.

सभागृहात डाव्या बाजूला बायका बसत. त्यातल्या निम्म्या विड्या वळणाऱ्या, मास्तरांच्याच गल्लीतल्या. त्यांना लिहिता येत नव्हतं. दहाच्या आधी त्या माझ्या टेबलाशी येत, मागच्या परीक्षणाबद्दल काय वाटलं ते सांगत, मी लिहून घेई आणि डब्यात टाकी. त्यांची म्होरकी यल्लम्मा, पन्नाशीची, मोठं कुंकू, तेंदूच्या पानांनी काळी पडलेली बोटं. मला 'पोरी' म्हणायची.

पहिल्यांदा ती म्हणाली, "मास्तरला सांग, मागच्या शिनमातली नणंद लई गोड हाय. त्यानं तिचं नावच काढलं न्हाई. माझी नणंद तशी असती तर मी माहेर इसरले असते."

मी कागद पुढे ओढला. हे असंच लिहायचं? एका कामगार स्त्रीला पहिल्यांदा बोलायची संधी मिळते आहे आणि ती नणंदेबद्दल बोलते आहे. तिला म्हणायचं असेल ते वेगळं, ते सांगायला तिच्याकडे शब्द नाहीत, शब्द माझ्याकडे आहेत. मी लिहिलं: "कौटुंबिक चित्रपट स्त्रीच्या गुलामीला गोड रूप देतात. परीक्षकांनी याकडे डोळेझाक केली आहे. एक विडी कामगार स्त्री."

वाचताना आवाजात माझं मत येऊ दिलं नाही. त्याची गरजच नव्हती, ते कागदावर होतं.

मास्तरांनी ती चिठ्ठी मागून घेतली आणि खिशात ठेवली. दुसऱ्या कुठल्याच चिठ्ठीला त्यांनी तसं केलं नव्हतं. मला वाटलं, विचार पोचतोय. मग दर रविवारी एक, कधी दोन. बायका सांगायच्या नाचाबद्दल, साड्यांबद्दल, मास्तरांनी नक्कल केली त्याबद्दल. मी लिहायची करमणुकीच्या अफूबद्दल, परीक्षकांच्या जबाबदारीबद्दल. सहा महिने हे चाललं.

मास्तर बदलत गेले. आधी ते विनोदी नटाची नक्कल करत, ती बंद झाली. गोष्ट सांगताना ते थांबून थांबून शब्द शोधायला लागले, आणि जे शब्द सापडत ते माझ्या चिठ्ठ्यांतले असत. "ह्या शिनमात कामगारांच्या परिस्थितीचं... दर्शन न्हाई," असं म्हणून ते बायकांच्या बाजूला बघत. बायका पदर तोंडाला लावून एकमेकींकडे बघत. मला ते सगळं दिसत होतं. मास्तर जागे होताहेत असं मी वडिलांना सांगितलं.

मग ती चिठ्ठी. यल्लम्मा म्हणाली, "मास्तर गल्लीतनं जाताना वर बघत न्हाई आता. शिनमे बघून डोळं दुखत असतील त्याचं. त्याला सांग, झोपताना डोळ्याला गाईचं तूप लाव."

मी लिहिलं: "मास्तर कामगारांत राहतात, पण कामगारांच्या डोळ्यांनी बघत नाहीत. एक विडी कामगार स्त्री."

मला ते वाक्य फार आवडलं होतं. पत्रकाचा मथळा होण्यासारखं होतं.

मास्तरांनी ते ऐकलं, नियमाप्रमाणे गप्प राहिले, आणि त्या दिवशी सिनेमावर चार वाक्यं बोलून थांबले. कार्यक्रम संपल्यावर मी डबा पुसत होते तेव्हा ते होटगीकरकाकांना म्हणाले, "काका, फुडचा रविवार माझा शेवटचा. सर कॉलेजातनं बोलतात, त्यास्नी चालतंय. मला तुमी गल्लीतनं बोलतो म्हणून बसवलंत. गल्लीतल्या बायाच मला परका म्हणाया लागल्या तर मी कुणासाठी बसू?"

काकांनी खूप समजावलं. मास्तर ऐकून घेत राहिले आणि शेवटी म्हणाले, "खोटं न्हाई बोलत त्या. माझं चुकतंय. पण काय चुकतंय ते मला कळंना."

खरं लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. पहिल्या क्षणी मला वाटलं, चिठ्ठीचा परिणाम झाला. दुसऱ्या क्षणी हातातला डबा जड झाला.

मंगळवारी दुपारी यल्लम्मा विड्या कारखान्यात देऊन परत जाताना वाचनालयात आली. रिकामं सूप काखेत. "पोरी, मास्तर टीव्ही सोडतोय म्हणं. का गं?"

मी म्हटलं, "त्यांना वाटतं बायकांना त्यांचं बोलणं आवडत नाही."

"कुणी सांगितलं? आमी तर त्याच्यासाठीच येतो. अलीकडं जरा भाषण करतोय, पण माणूस लाखाचा हाय." मग ती टेबलावर वाकली. "ती एक शिकलेली विडीवाली हाय बघ, दर रविवारी तिची चिठ्ठी निघती. लई मोठं मोठं बोलती. तिचंच मनाला लावून घेतलं असंल त्यानं. कुठल्या गल्लीतली हाय ती? आमाला तिला बघायचं हाय. आमच्या चिठ्ठ्या कधी निघतच न्हाईत, तिची मात्र दरवेळी निघती."

सहा महिने या बायका दर रविवारी माझ्यासमोर बसून आपली चिठ्ठी कधी निघते याची वाट बघत होत्या. निघत होती आणि त्यांना ती ओळखू येत नव्हती.

त्या वेळी तिला काही सांगायचं धाडस झालं नाही. मी उठून कॉलेजात गेले, इनामदार सरांकडे. इस्त्रीचे प्राध्यापक म्हणून मनातल्या मनात मी त्यांना केव्हाच शत्रुपक्षात टाकून ठेवलं होतं, तरी दुसरं कोणी सुचलं नाही. सगळं सांगितलं. सर खिडकीशी उभे राहून ऐकत होते.

"दुसऱ्या महिन्यातच लक्षात आलं होतं माझ्या," ते म्हणाले. "वीस वर्षं निबंध तपासतोय. कोण कोणाचा निबंध लिहून देतं ते कळतं."

मी चिडले. माझी चूक असताना मीच चिडले. "मग बोलला का नाहीत? त्या थेटरवाल्याच्या वेळी तुम्ही..."

"त्या वीस चिठ्ठ्यांच्या वेळी तरी बोललो होतो का? आपल्यावरच्या चिठ्ठीला उत्तर द्यायचं नाही, हा नियम मीच केलाय. तुमच्या चिठ्ठ्यांत माझ्यावरही होतं. मी तोंड उघडलं असतं तर ते माझ्या सोयीचं झालं असतं." मग ते खिडकीपासून वळले. "आता वाटतं, नियम बाजूला ठेवून तुम्हाला एकटीला गाठून विचारायला हवं होतं. नरसय्या असे कोमेजतील असं वाटलं नाही. यात माझाही वाटा आहे."

"मी मास्तरांच्या घरी जाऊन सांगू?"

"त्यांना सांगाल तर ते तुम्हाला माफ करून मोकळे होतील, तसेच आहेत ते. चिठ्ठ्या ज्यांच्या होत्या त्यांना सांगा. सभेत सांगा, जिथे वाचल्यात तिथेच."

रविवारी सभागृह भरलं होतं. मास्तर जाणार ही बातमी गावभर झाली होती. मास्तर धुतलेला सदरा घालून आले होते आणि खिशात निरोपाच्या भाषणाचा कागद होता. मी उभी राहिले. डबा उघडला नाही.

"आज पहिली चिठ्ठी माझ्यावर आहे," मी म्हणाले. "'एक विडी कामगार स्त्री' अशी कोणी नाही. ती मी आहे. बायकांनी सांगितलेलं मी लिहिलं नाही. माझं लिहिलं आणि त्यांच्या नावावर वाचलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "त्यांना काढून टाकावे," आणि थोडे लोक हसले. ते मला लागलं, आणि लागायलाच हवं होतं.

मग मी एकेक मूळ चिठ्ठी सांगत गेले. सगळ्या आठवत होत्या. आपण काय बदललं हे बदलणाऱ्याला चांगलं आठवतं. नणंदेची सांगितली. साडीची सांगितली. मास्तरांनी विनोदी नटाची नक्कल केल्यावर यल्लम्माची सून हसून हसून उचकी लागून बाहेर गेली, ती सांगितली. शेवटी डोळ्यांची. "तुम्ही कामगारांच्या डोळ्यांनी बघत नाही असं मी वाचलं. यल्लम्मा म्हणाली होती, मास्तरांचे डोळे दुखत असतील, त्यांना सांग, झोपताना गाईचं तूप लाव."

मास्तर चौकटीमागे मान खाली घालून बसले होते. शिवशरणप्पा उभे राहिले आणि गंभीरपणे म्हणाले, "बाई, मग सहा महिने मी बायकोला जाऊन सांगितलं, सोलापूरच्या विडीवाल्या लई शिकल्यात, ते बी खोटंच की."

तेवढ्यात डाव्या बाजूने यल्लम्मा उठली. "शिकल्या न्हाईत, पण मुक्या न्हाईत," ती म्हणाली. काकांनी पुढे केलेला माइक तिला नको होता. "मास्तर, आता तू गप बस, चिठ्ठ्या चालू हायत. मी माझी तोंडानं सांगते. मागं तू त्या मारामारीच्या शिनमाला बरा म्हणलास, माझं डोकं दोन दिस दुखलं. ते तुझं चुकलं. दुसरं, तू नक्कल बंद केलीस, ते लई चुकलं. तिसरं, तू भाषण करतोस. भाषण ऐकायचं असतं तर आमी चौकात उभ्या राहिलो असतो. आता बस्स."

मग दुसरी उठली, मग तिसरी. कोणी सरांनाही सोडलं नाही. एकीने त्यांना विचारलं, तुमी सारखं 'अर्थात' का म्हणता. पाऊण तास चाललं. दोघेही परीक्षक नियमाप्रमाणे गप्प होते. मी आयुष्यात इतकं चांगलं ऐकून घेणारी माणसं पाहिली नाहीत. टीका ऐकताना बहुतेकांचा चेहरा उत्तर शोधत असतो. या दोघांचे चेहरे फक्त ऐकत होते.

शेवटची बाई बसल्यावर होटगीकरकाकांनी हात वर केला, म्हणजे आता बोलायला परवानगी. सगळे मास्तरांकडे बघत होते. त्यांनी खिशातला कागद बाहेर काढला, उलटसुलट पाहिला आणि खुर्चीखाली ठेवून दिला.

"यल्लम्मा," ते म्हणाले, "तूप गाईचंच लागतं का?"

"व्हय. म्हशीचं चिकट असतंय."

"बरं. आता ह्या शुक्रवारचा शिनमा. मध्यंतरापर्यंत सांगतो." आणि त्यांनी त्यातल्या शेटजीची अशी नक्कल केली की सरांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले.

कार्यक्रमानंतर मी काकांच्या हातात राजीनामा दिला. दीड पान लिहिला होता. मास्तरांनी तो काकांकडून घेतला आणि उभ्या उभ्या, एकेक अक्षर लावत, पूर्ण वाचला. त्यांना मराठी वाचायला वेळ लागतो. माझी नजर जमिनीवर होती.

"बरं लिहितीस गं," ते म्हणाले. "पत्रक लिही की. तुझी ती वाक्यं मी पाठ करत व्हतो, त्यातली काही खरी बी हायत. पण खाली तुझं नाव घाल. दुसरीच्या तोंडात घालू नगंस, तिला तिचं तोंड हाय." राजीनामा त्यांनी मला परत दिला. "आणि बायांच्या चिठ्ठ्या कोण लिहिणार? सर? ते 'अर्थात' घालतील."

सर म्हणाले, "अर्थात," आणि स्वतःच ओशाळले.

त्या दिवसापासून आमच्याकडे एक नवा नियम आहे, तो यल्लम्माने घातला. लिहून झालं की चिठ्ठी सांगणारीला वाचून दाखवायची, आणि ती 'व्हय' म्हणाली तरच डब्यात टाकायची. माझी स्वतःची मतंही मी आता चिठ्ठीवर लिहिते, खाली पूर्ण नावानिशी. लोक त्यांना हसतात, कधी टाळ्या वाजवतात. मास्तर एखादी खिशातही ठेवतात.

नव्या नियमाच्या पहिल्या रविवारी यल्लम्मा टेबलाशी आली. सूनही बरोबर होती. म्हणाली, "लिही. मास्तर बरं बोलतो."

मी लिहिलं आणि वाचून दाखवलं: "मास्तर आता बरं बोलतात."

तिने मान हलवली नाही. काळं बोट कागदावर ठेवलं. तिला वाचता येत नव्हतं, बोट भलत्याच शब्दावर होतं.

"'आता' मी म्हणलं न्हाई," ती म्हणाली. "तो आधी बी बरं बोलायचा. मधी तूच बोलत व्हतीस."

मी 'आता' खोडलं आणि पुन्हा वाचून दाखवलं.

"व्हय," यल्लम्मा म्हणाली. "टाक."